खुर्च्या आल्या, बसायला कोणी नाही

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू दुकानात घरून स्टूल घेऊन जातेस, असं आई म्हणाली तेव्हा मला थट्टा वाटली. मग इथे मुख्य कार्यालयात माझ्याच टेबलावर तुमच्या शाखेची तक्रार आली. गल्ल्यावरच्या सगळ्या बायका आपापली स्टुलं आणून बसतात, उठा म्हटलं तर हातातलं गिऱ्हाईक संपू दे म्हणतात, आणि गिऱ्हाईक काही संपत नाही. म्होरकी म्हणून तुझं नाव आहे.

ताई, कंपनीने खुर्च्या उगाच काढल्या नाहीत. बसलेली बाई गिऱ्हाइकाला आळशी वाटते, असं मालकांचं निरीक्षण आहे. शिवाय उभं राहणं तब्येतीला चांगलं. तसं पत्रक मीच लिहिलंय. तू माझी बहीण आहेस हे इथे कुणाला ठाऊक नाही, आणि माझ्या बढतीचं घाटतंय. नोकरी घालवून बसशील. स्टूल घरी ठेव.

लोभ आहेच, तो या पत्राने कमी होऊ नये.

तुझा धाकटा


९ जून

चि. धाकल्यास,
अ. उ. आ.

साहेब, तुमचं पत्रक पोचलं. ते भिंतीवर उंच लावायला मॅनेजरांनी स्वतःची खुर्ची आणली आणि तिच्यावर चढले. ‘सुदृढ पायांवर सुदृढ संस्था’ हे वाक्य वाचताच तुला ओळखलं. शाळेतही निबंधात असलंच काहीतरी ठोकून द्यायचास. हे मात्र कशावर बसून लिहिलंस, तेवढं कळव.

शेजारच्या गल्ल्यावरची पोटुशी पोर उभ्या उभ्या चक्कर येऊन पडली, हे तुमच्या तक्रारीत होतं का? मॅनेजर म्हणाले, गिऱ्हाइकांसमोर पडायला नको होतं. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी स्टूल नेलं आणि माझ्यासाठीही. मी कसली पुढारी, माझे पाय दुखतात.

आता गिऱ्हाइकंही सामील झालीत. एक निवृत्त पोस्टमन रोज साबणाची एक वडी घ्यायला येतात आणि मालक घरी उभ्यानेच जेवतात का, असं खणखणीत आवाजात विचारून रांगेत फतकल मारतात. मग मागची सगळी रांग फरशीवर बसते.

बढती मिळाली की कळव. माया आहे तशीच आहे, कान मात्र पिळायचा राहिलाय.

तुझी ताई


२७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुम्ही जिंकलात. फरशीवर बसलेल्या रांगेचा फोटो पेपरात आला, गिऱ्हाईक रोडावलं, आणि मालकांना अचानक कळवळा आला. नव्या खुर्च्या आल्या, त्यांना फितीही बांधल्या. तुला काढल्याचं पत्र मी लिहिलेलं नाही, एवढा विश्वास ठेव. मी फक्त त्याचं शुद्धलेखन तपासलं.

पण आता तुझ्या मैत्रिणी बसायलाच तयार नाहीत! खुर्चीशेजारी दिवसभर ताठ उभ्या राहतात. ताई परत आल्याशिवाय टेकणार नाही म्हणतात. सहा तारखेच्या रविवारी मालक फोटोग्राफर घेऊन येणार, आणि बायकांना बसवायची कामगिरी माझ्या गळ्यात पडलीय. तू सांगितलंस तर ऐकतील. माझ्यासाठी एवढं कर.

लोभाची आत्ता फार गरज आहे.

तुझा धाकटा


१ जुलै

चि. धाकल्यास,
अ. उ. आ.

त्यांना मी बसा म्हणून सांगून पाहिलं, खास करून त्या पोटुशीला. ती म्हणाली, बसायला तुम्हीच शिकवलंत, आता उभं राहायचं आमचं आम्ही बघतो.

मला नोकरी हवीय, खोटं कशाला बोलू? अजून सकाळी सवयीने डबा भरते आणि स्वयंपाकघरात एकटीच उघडून खाते. पण नोकरी गेल्यापेक्षा तू मला लपवलंस, ते जास्त लागलं. बायकांना काय सांगायचं ते तूच ये आणि सांग. मी समारंभाला येणार नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी ताई


७ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल माझ्या हातात माइक दिला. बायकांनो, कृपया बसून घ्या, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात मालकांनी हसून विचारलं, तो मधला गल्ला रिकामा का? मी म्हणालो, तो माझ्या सख्ख्या बहिणीचा, आणि तिला काढल्याचं पत्र माझ्याच हातून गेलंय. माइक चालूच होता.

पोस्टमनकाकांनी टाळ्या सुरू केल्या. फोटोग्राफरला बसलेलं कुणी मिळेना, म्हणून त्याने फीत लावलेल्या रिकाम्या खुर्चीशेजारी मालकांनाच उभं केलं. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघत जाहीर केलं की तू उद्यापासून कामावर ये. मग त्यांच्या गाडीपाशी मला बोलावून सांगितलं की मी उद्यापासून येऊ नये.

आईला अजून बोललेलो नाही. तूच सांगशील का? माझ्याजवळ होती नव्हती ती हिंमत काल माइकवर संपली.

इतकी वर्षं लोभ असावा असं हात आपोआप लिहायचा. आज विचारतोय, अजून आहे का?

तुझा सख्खा भाऊ