तीन नंबर बरोबर

जेचॉन,
१४ नोव्हेंबर

प्रिय तेकसूदादा,

वहिनींनी पाठवलेली किमची पोचली. यंदा मीठ बेताचं पडलंय, त्यांना सांग. इकडे थंडी मरणाची आहे. आई बरी आहे. म्हणजे, आता बरी आहे.

फोन केला की "मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवतोस, म्हणून हे पत्र.

तुझ्या संस्थेतला, म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायकांचा उजळणी वर्ग ऑनलाइन झाला, तेव्हा चाचण्या तयार करायचं काम तूच माझ्या गळ्यात मारलंस. "तू नर्स होतीस, तुला चुटकीसरशी जमेल." मी मन लावून केलं. प्रत्येक धड्यानंतर चार प्रश्न, बाईला कळलंय की नाही एवढंच बघायला. पण बायका धडा लावून ठेवून भाजी निवडायच्या आणि आधीच्या तुकडीकडून ग्रुपवर आलेले उत्तरांचे आकडे बघून बटणं दाबायच्या. सगळ्यांना पैकीच्या पैकी! म्हणून मी पर्यायांचा क्रम बदलला. "गिळायला त्रास असलेल्या माणसाला कसं भरवाल?" सगळ्यांनी जुनंच तीन नंबर दाबलं. आता तिथे होतं, 'उताणं झोपवून'.

अख्खी तुकडी नापास. मला वाटलं, तू तो धडा पुन्हा घ्यायला लावशील.

"अगं, एवढ्या बायका नापास दाखवल्या तर वरचे लोक वर्गच बंद करतील. तीन नंबर बरोबर करून टाक, विषय संपला."

"दादा, माणसं मरतील अशानं!"

"कोण वाचतंय ते? तुझं आपलं काहीतरीच."

मी नाही म्हटलं, तर तू स्वतः बसून बदललंस. वर चहा मागवलास. मला तुझी किळस आली, दादा. त्याच दिवशी मी काम सोडलं.

आता आईचं. हे लिहायचं मी इतका वेळ टाळतेय. तिच्याकडे येणाऱ्या ग्वाकबाई त्याच तुकडीतल्या. दोन आठवड्यांपूर्वी मी सूप घेऊन गेले, तर आई उताणी, ओठ निळे, आणि ग्वाकबाई चमचा धरून थिजलेल्या. मी आईला कुशीवर वळवलं, घशातली पेज बोटांनी काढली. न्यूमोनिया झाला. काल तिला हॉस्पिटलातून घरी आणलं. तुझ्या मीटिंगा चालूच होत्या.

ग्वाकबाई रडत म्हणाल्या, "मॅडम, मी आजवर बसवूनच भरवायचे हो. त्या दिवशी आकडे बघून तीन दाबलं, आणि नंतर बघितलं तर 'उताणं झोपवून'पुढे हिरवी खूण. म्हटलं, नवीन पद्धत निघाली असेल. संस्था काय चुकीचं सांगेल?"

कोण वाचतंय, म्हणालास ना? वाचणारी निघाली, आणि ती नेमकी आपल्या आईला भरवत होती.

बाकीच्या बायकांना मी एकेक करून फोन केलेत. तुझ्या वरच्या लोकांनाही सगळं कळवलंय. शिव्या द्यायच्या तर खुशाल दे.

आणि आईच्या दाराच्या कुलुपाचा कोड बदललाय. हवा असेल तर बेल वाजव, आत ये, हात धू, आणि माझ्यासमोर आईला वाटीभर पेज भरव. तिनं न ठसकता पेज संपवली, तर कोड सांगेन. पर्याय मिळणार नाहीत.

अजून तरी तुझीच बहीण,
सुनरे