पान्यापुरती जागा

रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. आईचा गुडघा वाकू लागला हे वाचून बरं वाटलं. तिला जिना इतक्यात चढू देऊ नकोस. ती ऐकणार नाही हे माहीत असूनही सांगते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. खोलीची खिडकी अजून नीट लागत नाही. घरमालकीणबाई "उद्या बघते" म्हणायचं सोडत नाहीत आणि मी विचारायचं.

शेवटी तू लिहिलंयस, "काटकोना, लंबूचं काय? सरळ सांग." सांगते. आधी कामाचं.

या खेपेला वर्गात सगळे पूल आणि इमारती बांधलेले इंजिनिअर आहेत. त्यांना समुद्रातल्या पवनचक्कीचा पाया आणि मनोरा यांच्यातला सांधा शिकवायचा आहे. तळात ठोकलेला पोलादी नळा खाली, मनोरा वर. दोघांच्या काठाला आतून जाड कडं असतं. कड्यावर कडं ठेवायचं आणि गोल रांगेत बोल्ट आवळायचे. वारा आणि लाटा जन्मभर तो सांधा उघडायला बघतात. बोल्ट आधीच पुरेसे ताणलेले असले तर तो उघडत नाही.

आमच्याकडे एक शिरस्ता आहे. ज्याने सांधा आखला त्यानेच तो कार्यशाळेतल्या नमुन्यावर आवळायचा, हेल्मेट, पट्टा, हातमोजे घालून, अरुंद फळीवर उभं राहून. नमुन्यात बोल्ट हवे तिथे सरकवता येतात. कागदावर काय, कुणीही आवळतं.

गुरुवारी लंबूची पाळी होती. (त्याचे गुण मी देत नाही, मोठे साहेब देतात. त्याने मला लग्नाचं विचारलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ती व्यवस्था करून घेतली.) त्याने बोल्ट नळ्याच्या भिंतीला आतून अगदी खेटून घेतले होते. गणितात ते सुंदर दिसतं, कारण भिंतीजवळच्या बोल्टावर ताण कमी येतो. फक्त त्यावर पाना बसत नाही. आमचा पाना यंत्राचा, पातेल्याएवढ्या डोक्याचा. पुलावर मोकळ्या हवेत काम केलेल्या माणसाला हे सुचत नाही. मला सकाळी आराखडा पाहताच दिसलं होतं. मी बोलले नाही.

त्याने पाना एकीकडून लावला, मग दुसरीकडून. भिंतीवर ठक्क. खालून कुणी ओरडलं, "भिंत जरा सरकवू का, साहेब?" सगळे हसले. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हा सांधा आवळता येत नाही. पुन्हा आखा." तोही हसला.

ताई, ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. भाऊजी असेच हसले होते. तू पाहुण्यांसमोर एवढंच म्हणालीस, की स्टेशनचा रस्ता उजवीकडून नाही, डावीकडून. पाहुणे जाईपर्यंत ते हसत होते. मी आत कप विसळत होते. नंतरचं सगळं मला ऐकू आलं. पुढे तू बॅग घेऊन आईकडे आलीस तेव्हा सगळ्यांना कारण विचारायचं होतं. मला विचारावं लागलं नाही.

म्हणून मी वर्ग रिकामा होईपर्यंत थांबले. तो खाली उतरला आणि हातमोजे माझ्या टेबलावर आपटले.

"सकाळीच दिसलं होतं ना तुला?"

"हो."

"मग सांगायचं नाही?"

"इतरांनाही सांगत नाही."

"इतरांनी तुला लग्नाचं विचारलेलं नाहीये! मला राग आलाय. तू बोल्ट तपासत होतीस की मला?"

"बोल्ट," मी म्हटलं. मग म्हटलं, "दोन्ही."

त्याने हातमोजे उचलून बाजूला ठेवले. "मला तपासायचं असेल तेव्हा आधी सांगत जा. बोल्टांचं नको सांगूस, ते माझं मला कळू दे. आता टेप दे."

टेपचं दुसरं टोक मी धरलं. पान्याला किती जागा लागते ते तो मोजत होता आणि मोजता मोजता पुटपुटत होता. ते ऐकताना मला किती हलकं वाटलं, कसं लिहू? राग होता, पण समोर होता, आवाजासकट. पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेला नव्हता. मोजून झालं तोवर ओसरलाही. मग म्हणाला, "कॉफी पिऊया, पण पैसे तू दे."

शुक्रवारी त्याचा नवा सांधा साहेबांनी पास केला. जुना आराखडा त्याने स्वतःच दाराजवळ टाचला, पुढच्या वर्गासाठी. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, "पाना कुठे ठेवू?"

काल मी त्याला हो म्हटलं. तो म्हणाला, "लेखी दे." मी म्हटलं, आधी ताईला.

पुढच्या महिन्यात त्याला घेऊन येते. जेवताना तो काही चुकीचं बोलला तर सगळ्यांसमोर सांग. गप्प बसू नकोस आणि उठून आतही जाऊ नकोस. कप नंतर विसळू.

रस्ता डावीकडूनच होता, ताई.

तुझी,
काटकोन