फुल डुप्लेक्सवर ठाम

४ मार्च, सोमवार
मोठ्या साहेबांनी बोलावलं. खालच्या मजल्यावर अकाउंट्सची फाईल उघडेपर्यंत चहा निवतो म्हणे. ऑफिसचं नेटवर्क माझ्याकडे. महिनाअखेरपर्यंत सुधारलं तर मी कायम, नाहीतर नारळ. मी म्हटलं, दोन दिवस द्या.
गेल्याच आठवड्यात मी स्वतःहून वरच्या मजल्याच्या नेटवर्क-स्विचवर 'फुल डुप्लेक्स' केलं होतं. म्हणजे दोन्ही मजल्यांच्या स्विचांनी खुशाल एकदम बोलावं. नेमका तेव्हापासूनच खाली गोंधळ. बरं झालं आधीच फुल केलं, नाहीतर काय झालं असतं!

६ मार्च
खालच्या स्विचवर कोलिजन, म्हणजे डेटाच्या टकरी. आकडा वाढतोच आहे. वायर बदलली. तेच. अकाउंट्सच्या मॅडमचा टेबलफॅन संशयित म्हणून जप्त केला. मॅडम काही बोलल्या नाहीत. साहेबांशी बोलल्या.

८ मार्च, रात्री
बायकोने तिच्या धाकट्या भावाला फोन लावला. हेच काम करतो तो. म्हणाला, एक टोक हाताने फुल आणि दुसरं ऑटोवर, म्हणजे आपलं आपण ठरवायला, ठेवलं की ते दुसरं हाफ धरून बसतं, म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचं, मग टकरी होणारच. दोन्ही ऑटोवर टाका, भावोजी.
याचं ऐकलं तर सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. बघतो म्हटलं.

१२ मार्च
तिसरी वायर. मॅडम पेनड्राइव्ह घेऊन जिना चढतात-उतरतात. गुडघे दुखतात त्यांचे. फार वाईट वाटलं. ऑटो करायला बसलोही, पण मेव्हण्याचं हसू डोळ्यांपुढे आलं. हात चालेना.

१४ मार्च
ताप. घरी. शिपायाचा फोन: लाइट गेली, स्विच बंद पडून पुन्हा सुरू झाले. माझं फुल मी सेव्ह केलं नव्हतं! गेलं असणार, परत मूळचं ऑटो आलं असणार. माझ्याशिवाय काय हाल होत असतील बिचाऱ्यांचे.

१८ मार्च, सोमवार
हजर. कोलिजन शून्य. फाईल चुटकीसरशी उघडते. मॅडमनी तब्येत विचारली, अजून विश्रांती घ्या म्हणाल्या. माणसं चांगली आहेत.
पाया इतका भक्कम झालाय, तर आता फुलला कोण अडवणार? केलं. या वेळी सेव्हही केलं.
जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं ठप्प.
साहेबांना तांत्रिक काही कळत नाही. एवढंच म्हणाले, तुम्ही नव्हतात तेव्हा चालत होतं. उद्यापासून येऊ नका.

त्याच दिवशी, संध्याकाळी
घरी आलो. बायको माहेरी फोनवर सांगत होती, ह्यांनी ताप अंगावर काढून नेटवर्क नीट केलं. सकाळी मीच तिला तसं कळवलं होतं. मेव्हण्याने मला फोन द्यायला सांगितलं. अभिनंदन केलं. विचारलं, शेवटी ऑटोवरच टाकलंत ना?
मी हो म्हणालो.