दाराबाहेर गेलेली गोष्ट

प्रिय दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला वाटलं असेल, की काहीतरी बरंवाईट झालं. तसं काही नाही. मी धडधाकट आहे, वेळेवर जेवतो, रोज अंघोळ करतो (हे आईला मुद्दाम सांग), आणि गेल्या महिनाभरात एकही काच फोडलेली नाही. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. अरे, फोनवर तू नुसता 'हं' म्हणतोस. मी दहा वाक्यं बोलतो, तू दोनदा 'हं' करतोस आणि फोन आईच्या हातात देतोस. मला आज जे सांगायचंय ते 'हं'वर भागणारं नाही. तेव्हा दुकानाच्या मागच्या स्टुलावर बैस, पुढचं गिऱ्हाईक बाबांना बघू दे, आणि हे शेवटपर्यंत वाच. मध्येच माझा राग आला तरी वाच.

परवा आई फोनवर म्हणाली, परदेशातून लंबूचं पत्र आलंय. तू उभ्या उभ्या वाचलंस, घडी घातलीस आणि स्क्रूच्या खणात टाकून दिलंस. त्याने तिकडे स्वतःची चष्म्याच्या काचा घासायची कार्यशाळा काढलीय, त्याला भरवशाचा कारागीर हवाय, आणि पंधरा तारखेपर्यंत तुझा होकार आला नाही तर तो दुसरा माणूस बघणार. आईच्या मते तू नाहीच म्हणणार. बाबा म्हणाले म्हणे, जाऊ दे, त्याची मर्जी. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी तीन चष्म्यांच्या डाव्या-उजव्या काचा उलट्या बसवल्या. दादा, तुझ्यासारखा हात मी इथेही कुणाचा पाहिलेला नाही, आणि तू सहा वर्षं लोकांच्या चष्म्याच्या दांड्या सरळ करत बसलायस. लंबूचं नाव निघालं की उठून जातोस. का, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी तू तिकडे इंटर्न असताना तुझं जे हसं झालं ते खोलीत तुझ्यासोबत राहणाऱ्या लंबूने आपल्या बहिणीला सांगितलं, बहीण राहते आत्याच्या शेजारी, आणि तिथून ते सगळ्या नात्यागोत्यात पसरलं, असं तू धरून चालला आहेस. ते जरा बाजूला राहू दे. आधी माझं इथलं ऐक.

इंटर्न म्हणजे काय, ते तुला मी काय सांगू! सगळ्यांच्या आधी यायचं, सगळ्यांच्या नंतर जायचं, आणि मधल्या वेळात कुणाच्या पायात यायचं नाही. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी एकच, तीही पूर्ण उघडली की पलंगाला आपटते, म्हणून एक तर हवा घ्यायची नाहीतर झोपायचं. कार्यशाळा मात्र छान आहे. लांबट हॉल, घासायची चार यंत्रं, त्यांच्यावर सतत पाण्याची धार, आणि खाली तो पांढरा चिखल, जो माझ्या नखांतून काही केल्या निघत नाही. पहिल्या यंत्रावर एक जाडजूड मिशीवाला असतो. तोच आमचा मुकादम. शेवटच्या टेबलावर बसते निकालवाली बाई. प्रत्येक काच तिच्या हातून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. ती काच दिव्यासमोर धरते, एक डोळा मिटते, आणि नापास असेल तर काही न बोलता तुझ्याकडे परत सरकवते. मी तिला मनातल्या मनात हेडमास्तरीण म्हणतो. पहिल्या आठवड्यात तिने माझ्या एकोणीस काचा परत सरकवल्या.

भाषेचं म्हणशील तर मी वर्षभर शिकवणी लावली होती, परीक्षेत पहिल्या वर्गात पास झालो होतो. ग्रंथालयाकडे जाण्याचा रस्ता कोणता, हे मी इतकं सुंदर विचारू शकत होतो की काय सांगू. पण इथे कुणाला ग्रंथालयात जायचंच नव्हतं. या लोकांची बोली वेगळीच. काचेला तडा गेला की हे म्हणतात, मावशी गेली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी यंत्र बंद केलं, मिशीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुस्तकी भाषेत त्याचं सांत्वन केलं. मालक येताना दिसला की म्हणतात, दूध उतू चाललंय. एखाद्याचं काम फर्मास झालं तर त्याला सांगतात, जा, झोप आता. हे मला पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा मला वाटलं, नोकरीवरून काढलं, आणि मी खरोखरच डबा पिशवीत भरायला लागलो.

तेव्हापासून खिशात एक छोटी वही ठेवली. नवीन काही कानावर पडलं की लिहायचं, खोलीवर येऊन घोकायचं. महिन्याभरात बरंच जमलं. तर पावाच्या दुकानातली मुलगी एकदा मला म्हणाली, तू अगदी माझ्या आजोबांसारखा बोलतोस. बरोबरच आहे, माझे गुरुजी सगळे साठीच्या घरातले! तिच्या वयाचे लोक यातलं अर्धं बोलतच नाहीत. मी तोऱ्यात पाव मागायला गेलो आणि म्हातारा होऊन परत आलो.

हे सगळं मी विनोदाने लिहितोय, कारण मला दुसरं काही येत नाही. पण खरं सांगू? दुपारच्या सुट्टीत सगळे एका टेबलाभोवती बसायचे. कुणीतरी काहीतरी बोलायचं, सगळे हसायचे, आणि मग मी हसायचो. थोडासा उशिरा. आपण कशाला हसतोय हे माहीत नसताना, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत. ते उशिरा हसणं तुला माहीत असणार, दादा. तू त्याबद्दल कधी बोलला नाहीस, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. तू चार महिन्यांत परत आलास, एवढंच आम्ही मोजलं. विमानतळावरून घरी येताना गाडीत मी तुला विचारलं होतं की चॉकलेटं आणलीस का. आज आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

आता मूळ गोष्टीवर येतो. दोन महिने झाले आणि मिशीवाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, की हेडमास्तरणीने काच पास केली की तिचे आभार मानायची इथे एक खास रीत आहे, एक खास शब्द आहे, तो म्हटला की ती खूश होते. शब्द चांगला दहा वेळा माझ्याकडून म्हणवून घेतला. मी वहीत लिहिला, खाली रेघ मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने माझी काच दिव्यासमोर धरली, एक डोळा मिटला आणि पहिल्यांदाच पासच्या ट्रेमध्ये ठेवली. मी टाचा जुळवून, मान लववून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात तो शब्द म्हटला. दादा, त्याचा अर्थ मी तुला लिहिणार नाही, पत्र आई वाचेल. एका क्षणात चारही यंत्रं बंद झाली. आणि मग जे हसणं सुरू झालं! एक जण तर खाली बसला. मीही हसलो. कान तापले होते, पण हसलो. मग फ्रेम आणायच्या निमित्ताने मागच्या कोठारात गेलो आणि खोक्यांच्या मागे बसून लहान पोरासारखा रडलो.

तिथे बसल्या बसल्या तुझा तो फोन आठवला. तुलाही असाच शब्द शिकवला होता, आणि तुला तो मालकाच्या आईला म्हणायला लावला होता. त्या दिवशी तू घरी फोन केलास तेव्हा आईबाबा दुकानात होते, मी एकटाच घरी होतो. तू हळू आवाजात सांगायला लागलास आणि अर्ध्यावरच मला हसू फुटलं. तू म्हणालास, हसतोस काय रे, आणि मग स्वतःही थोडं हसलास. मग गप्प झालास. मला वाटलं, लाइन गेली. मग म्हणालास, कुणाला सांगू नकोस हां. मी म्हटलं, छे! तेव्हा तू रडत होतास, हे मला सहा वर्षांनी त्या खोक्यांच्या मागे कळलं.

थोड्या वेळाने कोठाराचं दार उघडून हेडमास्तरीण आली. दोन कप चहा घेऊन. माझ्या शेजारी खोक्यावर बसली आणि सांगितलं, की तीस वर्षांपूर्वी तिलाही असाच एक शब्द शिकवला होता, आणि मिशीवाल्याला तर तिनेच शिकवला होता. इथे प्रत्येकाला एकदा शिकवतात. ज्याला कायमचं धरायचं नसतं, त्याच्यावर कुणी एवढी मेहनत घेत नाही, असं म्हणाली आणि माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. बाईचा हात भारी आहे, अजून दुखतंय.

आम्ही बाहेर आलो तेव्हा फ्रेमची डिलिव्हरी घेऊन नेहमीचा माणूस आला होता. हॉलमध्ये अजून कुणी डोळे पुसत होतं, कुणाला उचकी लागली होती. त्याने विचारलं, एवढं काय झालं हसायला, आम्हालाही सांगा की. आणि दादा, सगळे एकदम आपापल्या यंत्राकडे वळले. मिशीवाला म्हणाला, काही नाही, घरातली गोष्ट आहे, आणि त्याच्याकडून पावतीवर सही घेऊन त्याला वाटेला लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, या दाराच्या आतलं बाहेर जात नाही, आमच्या बायकांनाही आम्ही सांगत नाही. मला त्या हसण्याने जेवढं लागलं नव्हतं तेवढं या बोलण्याने लागलं. ज्यांनी माझी फजिती केली, तीच माणसं मला झाकत होती. आणि माझी ओळख किती, तर दोन महिन्यांची.

आपल्याकडे सगळे समजतात, तू तिथल्या लोकांच्या हसण्याला भिऊन परत आलास. मला खरं माहीत आहे. त्या फोननंतरही तू दीड महिना तिथे होतास, कामावर जात होतास, लंबूबरोबर स्वयंपाक करत होतास. मग आतेभावाने तुला फोन केला आणि हॅलोच्या ऐवजी तो शब्द म्हटला. पाठीमागे सगळे फिदीफिदी हसत होते. आठ दिवसांत तू घरी होतास, आणि लंबूशी जन्माचं वाकडं घेऊन आला होतास.

दादा, लंबूने कुणाला काही सांगितलं नाही. मी सांगितलं. तू तिकडे असतानाच, आतेबहिणीच्या लग्नात, जेवणं उरकल्यावर सगळे म्हणाले, नकला कर, नकला कर. आत्याची झाली, बाबांची झाली, आणि मग मी तुझी केली. तुझी मान लववण्याची ढब, तुझा अडखळता आवाज, तो शब्द, मालकाच्या आईचा चेहरा, सगळं. माणसं गडाबडा लोळली. मला तीनदा पुन्हा करायला लावली आणि मी तीनदा केली. तू परत आल्यावर आईने तुला एकदा हळूच विचारलं होतं, धाकट्याच्या तोंडून तर गेलं नसेल? तू तिच्यावर केवढा ओरडलास! म्हणालास, तो कितीही वात्रट असू दे, माझी गोष्ट तो मरेपर्यंत बाहेर काढणार नाही. मी तेव्हा दाराआड उभा होतो. सगळं ऐकलं, आणि जेवायला हाक मारल्यावर येऊन तुझ्या शेजारी पाटावर बसलो. त्याच्यानंतर सांगायला गेलो की माझी जीभच उचलायची नाही. लंबूला हेच सगळं लिहिलेलं दुसरं पत्र आज याच्याबरोबरच टाकतोय, म्हणजे मला उद्या माघार घेता येणार नाही. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा पंधरा तारखेला चार-पाच दिवस राहिले असतील. त्याला फोन कर. जायचं की नाही ते तू ठरव, पण त्याच्यामुळे नाही म्हणू नकोस. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, घरी आल्यावर मला दारातून परत पाठव, मी हूं की चूं करणार नाही. सहा वर्षं तू तो राग भलत्याच माणसावर केलास, दादा. तो माझा आहे. मला दे.

अजूनही म्हणू देशील तर तुझाच,
धाकटा