अप्पांच्या नावावरचं कॉटेज

३ मार्च, मंगळवार

ऐंशी टक्के! ऐंशी टक्के कापणार आणि वर गोड आवाजात विचारणार, "आणखी काही मदत करू का मॅडम?" अगं बये, कापू नकोस, हीच मदत!

काल संध्याकाळी नवरा माळ्यावरची प्रवासाची बॅग काढायला स्टुलावर चढला. त्या स्टुलाचा एक पाय डुगडुगतो हे घरात सगळ्यांना ठाऊक. बॅग खाली आली, पाठोपाठ नवरा. घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर.

तळ्याकाठचं कॉटेज वीस तारखेपासून चार रात्री घेतलं होतं — आम्ही दोघं, नणंद आणि तिचा नवरा. छत्तीस हजार आगाऊ भरलेले, निम्मे आमचे, निम्मे त्यांचे. आमचे अठरा म्हणजे माझे सहा महिन्यांचे रविवार! सुट्टीच्या दिवशीसुद्धा ड्रायक्लीनिंगच्या काउंटरवर उभं राहून लोकांच्या कॉलरी हुंगल्या, तेव्हा जमले. आज दुपारी दुकानातूनच कॉटेजवाल्या कंपनीला फोन लावला. वीस दिवसांच्या आत रद्द केलं तर ऐंशी टक्के कापतात म्हणे. उरलेत सतरा.

"पडायचंच होतं तर फेब्रुवारीत पडायचं," मी नवऱ्याला म्हटलं. तो हसला नाही.

४ मार्च

कंपनीचा फोन लागेपर्यंत बासरी वाजते. आज अकरा मिनिटं बासरी. उबग आला त्या बासरीचा.

६ मार्च, शुक्रवार

नियमांची तीन पानं वाचून काढली. मुंगीएवढी अक्षरं. नवरा म्हणतो, "तुमच्या पावतीच्या मागेही असतंच की — कपडे हरवल्यास जबाबदारी नाही." त्याचा पाय मोडलाय म्हणून गप्प बसले.

तिसऱ्या पानावर तळाशी सापडलं! आरक्षणधारक स्वतः आजारी असेल आणि डॉक्टरांचा दाखला जोडला, तर सगळी रक्कम परत. मी जवळजवळ उडीच मारली. लगेच फोन. बासरी. मग तीच गोड मुलगी. "मॅडम, आरक्षणधारक आपले वडील दिसताहेत. वय वर्षं ब्याऐंशी."

दिसणारच. अकरा वर्षं आमच्या घरातलं प्रत्येक बुकिंग अप्पांच्या नावावर होतं. सत्तरीपुढच्यांना पंधरा टक्के सूट असते, ती कोण सोडेल? मी ओळखपत्र मागितलं की अप्पा कपाटातून काढतात, रुमालाने पुसतात आणि विचारतात, "यंदा कुठे?" मी जागा सांगते. रस्ता मग तेच मला सांगतात, कुठे वळण, कुठे पूल. चौतीस वर्षं रस्तेखात्यात मोजणीदार होते, डोंगरच्या डोंगर साखळी टाकून मोजलेत त्यांनी. तिथे पोचल्यावर आम्ही सांगतो, "वडील मागच्या गाडीने येताहेत." पुढे कोणी विचारत नाही. याला लबाडी म्हणायचं असेल तर म्हणा. चार पैसे वाचवायला सगळेच करतात.

पण आता झालं काय, पाय मोडला नवऱ्याचा आणि नियम अप्पांना लागू!

"मग अप्पांनाच आजारी पाड," नवरा थट्टेने म्हणाला. थट्टा त्याची. माझ्या डोक्यातून जाईना.

७ मार्च

नणंदेचा फोन. "वहिनी, आमचे अठरा तेवढे बघ हं. घाई मुळीच नाही. सोमवारपर्यंत दिलेस तरी चालेल." हे आधी. भावाचा पाय कसा आहे, हे फोन ठेवता ठेवता.

काय माणसं असतात!

१० मार्च, मंगळवार

संध्याकाळी दुकानातून परस्पर डॉक्टरकडे. त्यांचे कोट आमच्याकडेच येतात, त्यामुळे बाह्या कशा असतात ते मला माहीत आहे. असा माणूस लोकांना हात धुवायला सांगतो! अप्पांना बघतो असंही म्हणाले नाहीत. "काय लिहू?" मी म्हटलं, प्रवास झेपत नाही असं लिहा. लिहिलं — वार्धक्यामुळे अशक्त, प्रवासास कायमचे असमर्थ. "कायमचे कशाला?" मी विचारलं. म्हणाले, "त्याने जोर येतो." जोराचे पैसे वेगळे घेतले, दुप्पट!

अर्जावर अप्पांची सही हवी होती. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. पुन्हा वरपासून वाचलं.

"कायमचे?" म्हणाले.

"अहो अप्पा, कागदाची भाषा असते ती."

रोज पुलापर्यंत चालत जाऊन येतात, माझ्याहून भरभर. त्यांना ते लागलं असेल, असं आत्ता लिहिताना वाटतंय. सही केली मात्र. पूर्ण नाव, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. जेवताना निम्मी पोळी ताटात ठेवून उठले. म्हातारी माणसं कशावर रुसतील सांगता येत नाही.

१३ मार्च, शुक्रवार

कंपनीचं उत्तर आलं. अर्ज विचाराधीन आहे. आरक्षणधारकाशी व्हिडिओवर बोलून खात्री करून घेण्यात येईल, मंगळवारी चार वाजता.

म्हणजे ब्याऐंशी वर्षांच्या आजारी माणसावर विश्वास नाही! त्याला अंथरुणातून उठवून उलटतपासणी करणार! किती खालच्या थराला जायचं माणसाने? दुकानात दिवसभर हेच सांगत होते सगळ्यांना. इस्त्रीवाली म्हणाली, "पण ताई, तुमचे अप्पा तर काल मला भाजीच्या गाड्यावर भेटले." मी म्हटलं, तू कपडे बघ.

१५ मार्च, रविवार

रंगीत तालीम केली. अप्पांना पलंगावर बसवलं, पाठीला दोन उशा, अंगावर शाल. शेजारी बाटल्या — नवऱ्याच्या दुखण्याच्या गोळ्या आणि माझं खोकल्याचं औषध. "अप्पा, मंगळवारपर्यंत दाढी करू नका. ती विचारेल, तब्येत कशी आहे? तुम्ही खोकायचं आणि म्हणायचं, आता झेपत नाही."

"एवढंच?"

"एवढंच. आणि हसायचं नाही."

खोकून दाखवलं त्यांनी. छान खोकले. नवरा दारातून बघत होता, कुबडी धरून. म्हणाला, "पुरे गं." मला राग आला. अठ्ठावीस हजार आठशे काय त्याच्या कुबडीला लटकलेत? की नणंदेच्या अठरा हजारांसाठी परत सहा महिने रविवारी मीच उभी राहू?

१७ मार्च, मंगळवार



अर्धा दिवस सुट्टी काढूनही घरी पोचायला चार वाजत आले. बघते तर अप्पा दाढी करून बसलेले! पांढरा सदरा, कडक इस्त्रीचा, आमच्याच दुकानातला. "अहो, हे काय?" म्हणेपर्यंत फोन वाजला. शाल कशीबशी खांद्यावर टाकली. गोड मुलगी पडद्यावर दिसली. अगदीच पोरसवदा निघाली.

"आजोबा, तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत."

मी पडद्यामागून हातवारे करतेय, खोका, खोका! माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

"मग रद्द का करताय?"

"रद्द नाही करायचं. मी येतोय. वीस तारखेला, एकटाच. तिखट कमी लागतं मला, तेवढं सांगून ठेव."

ती मुलगी हसली, खरंखुरं हसली. "या आजोबा. अर्ज मागे घेते तुमचा." झालं! दोन मिनिटांत कारभार आटोपला.

तळपायाची आग मस्तकात गेली. नको नको ते बोलले. स्वतःच्या लेकीला तोंडघशी पाडलंत, माझे सहा महिने पाण्यात घातलेत, त्या परक्या पोरीसमोर माझी शोभा केलीत. अप्पांनी शालीची घडी केली. माझं संपेपर्यंत थांबले.

"बुकिंग माझ्या नावावर आहे ना?" म्हणाले. आणि पुलाकडे निघून गेले.

१८ मार्च

बोलत नाही मी त्यांच्याशी. त्यांना त्याचं काही नाही. ते बॅग भरताहेत. तीच बॅग, जिच्यापायी घोटा मोडला.

२० मार्च, शुक्रवार

सातच्या बसने अप्पा गेले. मी स्वयंपाकघरातच थांबले, भांडी घासत, घासलेलीच परत. नवरा एका पायावर दारापर्यंत गेला. "सांभाळून जा अप्पा, पोचल्यावर फोन करा." हा कोण साधू लागून गेला? पैसे याचे नव्हते ना!

नणंदेला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आमचे पैसे अप्पांनी वापरले असं धरायचं का?" मी फोन आपटला.

दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात अर्धं चघळलेलं चॉकलेट निघालं, अस्तराला चिकटलेलं. एरवी मी सफाईने काढते. आज कोट तसाच टाकला. मागे जाऊन बसले. सगळ्यांचीच किळस आली आहे. त्या बासरीची, डॉक्टरच्या बाह्यांची, नणंदेची, अप्पांची. आणि खरं लिहायचं तर त्या दिवशी शाल ओढून 'खोका, खोका' करणाऱ्या बाईचीही.

रात्रीपर्यंत फोन नाही. मी विचारणार नाही.

२१ मार्च, शनिवार

सकाळी अप्पांचा फोन. काल पोचले, वाट बरी होती, झोप लागली. कॉटेजात तीन खाटा रिकाम्या आहेत म्हणाले. मग विचारलं, "तू येतेस का?"

अकरा वर्षांत त्यांच्या नावावर चौदा बुकिंगं केली. मी त्यांना हे एकदाही विचारलेलं नाही.