बरडावरच्या कापसाचं वजन

बाबा, तुमच्या आकड्यांवर मला संशय आला होता. तीन महिने तो मी कोणाला सांगितला नाही, आईलाही नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. आता तुम्हाला तरी सांगावं म्हणून लिहायला बसले आहे.

मी नागपूरला काय काम करते ते आधी सांगते, कारण तुम्ही होतात तेव्हा हे काम नव्हतं. जुन्या वर्षांचा पाऊस, ऊन, जमिनीचा प्रकार आणि त्या त्या वर्षी पिकलेला कापूस हे सगळं आम्ही संगणकात भरतो आणि तो त्यातून एक गणित बसवतो. त्याला मॉडेल म्हणतात. पाऊस आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. जूनमध्ये दोन दिवस कोसळतो आणि पुढे तीन-तीन आठवडे तोंड दाखवत नाही. अशा पावसात कोणत्या जमिनीवर सरकी कधी टोबावी, कोणतं वाण घ्यावं, हे मॉडेल सांगतं आणि तो सल्ला शेतकऱ्यांच्या मोबाइलवर जातो. पण मॉडेलला शिकायला जुने आकडे लागतात. ते आकडे म्हणजे तुमच्यासारख्या कृषी सहायकांनी शेतात चार खुंट्या ठोकून, दोरी लावून, तेवढ्याच तुकड्यातला कापूस वेचून केलेली वजनं.

या जानेवारीत मॉडेलने विश्वासाला अपात्र म्हणून बाजूला काढलेल्या नोंदींची यादी मी पाहत होते. राळेगाव तालुक्यातल्या एका गावाच्या सलग पाच वर्षांच्या नोंदी त्यात होत्या. कापसाची ती सगळ्यात वाईट वर्षं, ज्यांचं नाव काढलं की आमच्या ऑफिसातही आवाज खाली जातो. माझ्यासोबत काम करणारा तरुण पुण्याचा आहे, हुशार आहे. तो म्हणाला, "मॅडम, शेजारच्या सगळ्या गावांचं उत्पन्न साधारण सारखं आहे. या एकाच माणसाचे आकडे दर वर्षी निम्मे. घरी बसून लिहिलेत, दुसरं काय? म्हणून गेल्या वर्षीच काढून टाकले." मी मान हलवली. तो गेल्यावर त्या नोंदींची मूळ पानं उघडली. त्याने ती पाहिली नव्हती, त्याच्यापुढे फक्त तक्ता होता. पहिल्याच पानावर तुमचं अक्षर. मी पान बंद केलं आणि बाटलीतलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

संशय यायला कारण होतं. अशा वजनांवरून गावाची पैसेवारी ठरते आणि ती पन्नास पैशांच्या आत आली की गाव दुष्काळी ठरतं, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. आकडा कमी लिहावा असं गावाला का वाटतं, हे वेगळं शिकवावं लागलं नाही. आणि मला ती दाळ आठवत होती. मी अकोल्याला शेवटच्या वर्षाला होते, संक्रांतीला घरी आले, तर स्वयंपाकघरात ओट्याखाली तुरीच्या नव्या दाळीचं पोतं. आपल्याकडे तूर कुठे होती? आईला विचारलं तर ती म्हणाली, "आली कुठून तरी. तू जेव." त्या आठवड्यात आई रोज वरण करायची आणि तुम्ही रोज म्हणायचात, पित्त झालं आहे, मला नुसती भाजी वाढ. मी तुमच्याकडे पाहत राहायचे. विचारलं काही नाही. सुट्टी संपली, मी होस्टेलला गेले. पण त्या दिवसापासून तुमच्याविषयी माझ्या मनात एक खडा राहिला तो राहिलाच. तुम्ही गेलात त्या दिवशीही होता. आता संगणक वीस वर्षांनी तेच सांगत होता.

खरं म्हणजे त्या दाळीच्या आदल्या वर्षीचा एक दिवसही मला आठवायला हवा होता. दिवाळीत तुम्ही मला सोबत नेलं होतं. एसटी सोडून दोन कोस पायी, नाला ओलांडून, टेकडीच्या पायथ्याचा बरड. मुरमाड जमीन, कापसाची गुडघ्याएवढी पऱ्हाटी, बोंडं सुपारीएवढी. दुसरा वेचा होता. बायांनी दोरीच्या आतला कापूस वेचला, तुम्ही काट्याला गाठोडं लावलं आणि मला म्हणालात, लिही. काटा चारच्या थोडा पुढे होता. मी साडेचार लिहिलं. स्टॅटिस्टिक्समध्ये मला चांगले मार्क होते, एवढ्या तेवढ्याने काही फरक पडत नाही असं मी तुम्हाला समजावूनही सांगितलं. तुम्ही सगळ्या बायांसमोर वही माझ्या हातातून घेतली. "खोड. पुन्हा पाहून लिही." परतीच्या वाटेवर नाल्यात पाय धुताना म्हणालात, "दुसऱ्याचा आकडा चुकला तं लोक म्हनतात, चुकला. आपला चुकला तं आडनाव पाहतात. ध्यानात ठेव." मला फार राग आला होता. दोन दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही.

हे दोन्ही दिवस मी तीन महिने एकमेकांशेजारी ठेवून पाहिले आणि मला ते जुळवता येईनात. जो माणूस अर्ध्या किलोसाठी मुलीला चारचौघांत बोलतो, तो निम्मा आकडा खातो कसा? की बाहेर शिस्त दाखवायची ती यासाठीच, की आत कोणी पाहू नये? माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सगळं लिहीत नाही. शेवटी एप्रिलमध्ये सुट्टी टाकून मी त्या गावाला गेले. कोणाची मुलगी ते सांगायचं नाही, असं ठरवूनच.

पानांवर शेताच्या मालकांची नावं होती. त्यातल्या एक बाई हयात होत्या. सत्तरीच्या पुढच्या, पण ताठ, आणि स्वतः शेत पाहणाऱ्या. अंगणात तुरीच्या काड्या बांधत होत्या. मी म्हटलं, कापसाच्या अभ्यासासाठी आले आहे. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं आणि आत जाऊन मोबाइल आणला. "हे वाचा." आमचाच सल्ला होता. गेल्या जूनमधला. जमिनीत पुरेशी ओल आहे, कापूस लागवड करण्यास हरकत नाही.

"तुमीच काय त्या मेसेजवाल्या?"

मी हो म्हटलं.

"मंग बसा. पानी प्या, अन् सांगा मले. तुमी म्हनले टोबा, आमी टोबलं. मंग पान्यानं दडी मारली. खालच्या काळ्या जमिनीतलं तगलं, अन् आमच्या बरडावरचं सारं करपून गेलं. दुबार टोबलं. काहून सांगता आमाले असं? इकडचा बरड पाह्यला काय तुमी कवा?"

मी म्हटलं, "आमच्याकडे जुन्या नोंदी असतात, काकू. आजूबाजूच्या गावांत बरडावरही बरा कापूस झाल्याचं लिहिलंय."

त्या हसल्या. "लिवलं असंन. बरडावर कोन जाते? कागदावर चिठ्ठीनं बरडाचा नंबर निंगे, अन् साहेब लोकं सडकेच्या काठच्या काळ्या वावरात खुट्या ठोकत. चहा घेत अन् मोटारसायकलवर बसून जात. पहिला वेचा मोजला की झालं, बाकीचे वेचे घरी बसून. एकच साहेब होता जो नाला उतरून वर जाये. दर वेच्याले. सायकल नाल्यापाशी लावून ठेवे. आमाले तं वाटे, हा मानूस काही तरी उकरून काढायले येते. गावातल्या कोनी त्यायले सावलीत बसा म्हनलं नाही, मीबी नाही म्हनलं. खोटं कायले बोलू?"

बाबा, मी त्यांच्यासमोर बसून ऐकत होते आणि मला माझ्या कामाची लाज वाटत होती. मॉडेलने खोटे आकडे ठेवले होते, कारण ते एकमेकांसारखे होते, आणि खरे फेकले होते, कारण ते एकटे होते. त्या फेकलेल्या आकड्यांत लिहिलेलं होतं की बरडावर पहिल्या पावसाला टोबू नका. ते वाचलं असतं तर गेल्या जूनमध्ये तो मेसेज गेला नसता. फेकले त्या तरुणाने, पण यादीखाली न पाहता केलेली सही माझी होती.

मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण दाळ मनातून जात नव्हती. मी आडून विचारलं, "त्या साहेबांनी कधी कमी लिहिलं नाही?"

त्यांनी काड्या खाली ठेवल्या. "तुमी सरकारी काय?"

"नाही."

"मंग काहून पायजे तुमाले?"

मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "मी त्यांची मुलगी आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "तरी म्हनलं हे कपाळ कुठं पाह्यलं." आणि आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं. चौथ्या साली नंबर त्यांच्या नाल्याकाठच्या वावराचा निघाला. सगळ्या गावात तेवढाच एक तुकडा हिरवा होता, नाल्याच्या ओलीवर आलेला. तिथे कापूस चांगला भरला. तुम्ही वजन केलं आणि वही उघडून उभे राहिलात. तो आकडा गेला असता तर गावात पीक बरं आहे असं झालं असतं, आणि बाकी गाव तर वाळून गेलं होतं. गाव दुष्काळी लागलं नसतं, पोरांची परीक्षेची फी माफ झाली नसती. त्यांची मुलगी त्या वर्षी बारावीला होती. "मी त्यायच्यापुढं हात जोडले. म्हनलं, साहेब, माह्या एका वावरानं गावाचं खोटं नका करू. ते वावराच्या धुऱ्यावर जाऊन बसले. लय वेळ बसले. मंग लिवलं. किती लिवलं ते मी पाह्यलं नाही, पन गाव दुष्काळात लागलं."

"आणि दाळ?"

"मीच आनली होती तुमच्या घरी. ते म्हने, घेऊन जा. तुयी माय म्हने, राहू द्या, बाई एवढ्या दुरून आल्या. ते मंग बाहीर निंगून गेले. माह्याशी त्याच्यानंतर कवा धड बोलले नाही. मले वाटे, मी त्यायचं काही तरी घेतलं."

येताना एसटीत मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मला उलट तुमचा रागच आला. एवढं मोठं मनात ठेवून पित्ताचं नाव का सांगितलंत? मी एकवीस वर्षांची होते, मला समजलं असतं. की नसतं समजलं, आणि तुम्हाला ते माहीत होतं? मी तुमच्या ताटाकडे कशी पाहत होते ते तुम्ही पाहिलं असेलच.

नागपूरला आल्यावर मी तुमची वर्षं परत मॉडेलमध्ये घेतली. ऑफिसात वाद झाला. तो तरुण म्हणाला, एका माणसासाठी एवढ्या गावांवर अविश्वास? मी त्याला गाडीत घालून त्या बरडावर नेलं. एप्रिलच्या उन्हात त्याने मुरूम हातात घेऊन पाहिला, मग नाल्यापलीकडच्या सडकेकडे पाहिलं, आणि वाद सोडून दिला. आता बरडासाठी वेगळा सल्ला तयार झाला आहे: पहिल्या पावसाला थांबा, लवकर येणारं वाण घ्या, तूर जास्त लावा. मी तो काकूंना फोनवर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "हे तं आमाले मालूमच हाये. पन या साली आभाळ पाहीन, मंगच टोबीन. तुमचा भरवसा मंग." मी म्हटलं, तसंच करा. माझाही त्या यंत्रावर पूर्ण भरवसा नाही, आणि आता तो कधी बसेल असं वाटत नाही.

चार वर्षं घेतली, बाबा. पाचातलं चौथं घेतलं नाही. तो आकडा खरा नाही हे मला कळलं आहे, आणि तुम्ही असता तर तुम्हीच म्हणाला असता, खोड. मी खोडला. पण नोंद काढली की समोर कारण लिहावं लागतं. मी बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे पाहत बसले. मग लिहिलं, पानावर शाई पसरल्यामुळे आकडा वाचता येत नाही.

खरं तर तो अगदी स्वच्छ वाचता येतो.