नव्वद लिटरचा बोर्ड

३ मार्च

संशय आला! कप्तान — आम्हाला विंग-फॉइलिंग, म्हणजे हातात फुगीर पंख धरून बोर्डावरून पाण्यावर उडायला, शिकवतो आणि बोर्डही विकतो तो — मला तोंडावर सांगतो, "काका, हलक्या वाऱ्यात तुम्हाला एकशेवीस लिटरचाच बोर्ड." पाठ वळली की फोनवर कुणाला तरी, "हलक्या वाऱ्यात नव्वद भरपूर झाला. छे, त्यांना पत्ता लागणार नाही."

वारा तोच, पाणी तेच. मग मलाच तीस लिटर जास्त कशाला? तो पिवळा एकशेवीसचा दोन हंगाम कोपऱ्यात धूळ खातोय — आता माझ्या गळ्यात! हातगाडीवर फरशा विकून वर आलोय मी. दोन गिऱ्हाइकांना दोन गोष्टी सांगायची कला मलाही थोडीफार येते.

५ मार्च

पंचाहत्तरचा घेतला. कप्तानाचं तोंड उतरलं. "काका, तुमचं वजन—" "माझं वजन बाजारात विचार!" सगळे हसले. तो नाही.

९ मार्च

वारा दणकून. उडालो! फॉइलचं पातं तेवढं पाण्यात, बोर्ड हातभर वर, हातातली विंग टम्म फुगलेली. आवाज म्हणून नाही. किनाऱ्यावर येऊन विचारलं, "काय मास्तर?" तर म्हणे, "आज वाऱ्याने उचललं, काका. वारा पडला की बोर्डाने उचलावं लागतं."

जळतो मेला.

१० मार्च

मी स्वयंपाकघरात शिरलो आणि हिने फोन ठेवला. कोण? "राँग नंबर." राँग नंबरला "बरं, उद्या येते" म्हणतात होय?

१२ मार्च

दुपारी लवकर घरी आलो. हिचे केस ओले. "पार्लरला गेले होते." पार्लरमधून कुणी ओल्या केसांनी येतं? तळहाताला फोड. "बागकाम." आमची बाग म्हणजे गॅलरीतल्या दोन कुंड्या, त्यातली एक मेलेली!

मी हसलो खरा. पण चहा गार होईपर्यंत बसून राहिलो. "त्यांना पत्ता लागणार नाही." — त्यांना म्हणजे कुणाला?

१४ मार्च

उद्या क्लबची खाडीपार फेरी. खाडीतल्या दिव्याच्या खांबाला वळसा घालून परत. सगळा हिवाळा याचसाठी पाण्यात आपटून घेतलं. कप्तान म्हणतो, "दुपारी वारा पडणार. एकशेवीसचा न्या, हात जोडतो." हात जोडणारा दुकानदार सगळ्यांत वाईट. पंचाहत्तरच नेणार.

हिला म्हटलं, बघायला ये. "येते की!" जरा जास्तच पटकन म्हणाली.

१५ मार्च

खांबापर्यंत मी राजा. वळसा घातला आणि वारा मेला. विंगचं चिरगूट झालं. उभा राहायला जातो — बोर्ड बुडतो. गुडघे टेकतो — बुडतो. शेवटी छातीपर्यंत बुडून त्यालाच कवटाळून लटकलो. बाकीचे आपापल्या बोर्डांवर गुडघे टेकून, विंग धरून हळूहळू घराकडे निघाले. मला मात्र ओहोटी बाहेर ओढायला लागली. घाबरलो. कागदापासून काय लपवायचं!

तेवढ्यात एक बोर्ड माघारी वळला. वर माणूस गुडघ्यांवर, डोक्यावर हेल्मेट, अंगात काळा सूट — पाण्यात सगळे सारखेच दिसतात. जवळ आला तसा बोर्डाच्या टोकावरचा आकडा वाचला. ९०! हाच तो कप्तानाचा लाडका, म्हटलं. याच वाऱ्यात कसा टुणटुणीत तरंगतोय!

"अहो, दोरी धरा."

तीस वर्षं ऐकतोय ते "अहो".

१६ मार्च

सकाळी दोघं काट्यावर उभे राहिलो. मी एक्क्याण्णव किलो. ही अठ्ठावन्न. किलोमागे एक लिटर नुसतं तरंगायला, हलक्या वाऱ्यात वर तीसेक लिटर, दोघांनाही. कप्तान दोघांनाही खरं तेच सांगत होता.

"पण मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर माझाही बोर्ड तुम्हीच ठरवला असता."